नाणं डूख धरत नाही

दोन हजार एकोणचाळीस सालच्या फेब्रुवारीत एका दुपारी वैजयंता बिराजदार जेवण आटोपून खिडकीपाशी शंका सोडवायला बसली, तेव्हा कुणाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं. निदान त्या दुपारपुरतं तरी नव्हतं. एरवी गेली पाच वर्षं ती एका माणसाचं वाईट चिंतत आली होती आणि त्याची तिला काडीची लाज वाटत नसे.

उदगीरच्या दोन खोल्यांच्या घरात तिचं हे काम चाले. 'निरसन' नावाच्या सेवेकडे राज्यभरातली मुलं विज्ञान-गणिताच्या शंका पाठवत. उत्तर यंत्र देई, डोळ्याची पापणी लवायच्या आत आणि बिनचूक. पण बिनचूक उत्तर वेगळं आणि कळलेलं उत्तर वेगळं, हे सेवा चालवणाऱ्यांना उशिरा का होईना उमगलं होतं. म्हणून नियम झाला होता की, मुलानं तीच शंका तिसऱ्यांदा विचारली, तर ती माणसाकडे जाईल. तिला म्हणायचे तिबार शंका. उत्तर चाळीस शब्दांच्या आत द्यायचं. नाव विचारायचं नाही, स्वतःचं सांगायचं नाही.

वैजयंताचा यात हातखंडा होता. 'स्टीलचा पेला लाकडी टेबलापेक्षा गार का लागतो?' असं कुणी विचारलं की ती लिही, 'दोघं सारखेच गार असतात. स्टील तुझ्या हाताची ऊब भराभर पळवतं, लाकूड रेंगाळतं. गार झालेला असतो तो तुझा हात.' 'पावसाची शक्यता दहा टक्के म्हणाले आणि पाऊस आला, मग ते खोटं बोलले ना?' 'नाही. आजच्यासारखे दहा दिवस आले तर एका दिवशी भिजशील, एवढंच ते म्हणाले. तू नेमका त्या दिवशी सापडलास.' मुलं खूश होत. वीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, तिला पोरांची डोकी कुठे अडतात ते न बघता कळे.

त्या दुपारची तिसरी शंका पुण्याहून आलेली होती.

'पाच वेळा ओळीनं छापा पडला, तर सहाव्यांदा काटा पडायची शक्यता जास्त का नाही? यंत्र दोन्ही वेळा म्हणालं, घटना स्वतंत्र आहेत. म्हणजे काय? प्लीज नीट सांगा. मला हे आलंच पाहिजे, कारण माझ्या बाबांनी साम्यशोधक बनवलाय. त्यांना विचारायला गेले की हसतात.'

वैजयंतानं ते दोनदा वाचलं. मग उठून माठातलं पाणी प्याली आणि पुन्हा येऊन वाचलं. साम्यशोधक बनवणारा माणूस राज्यात एकच होता. डॉ. तन्मय कारखानीस.

इथे पाच वर्षं मागे जायला हवं.

छापलेले पेपर फुटतात म्हणून राज्याच्या प्रवेश-परीक्षा मंडळानं पेपर छापणंच बंद केलं होतं. प्रश्न यंत्र कानात ऐकवी आणि मुलं पाटीवर उत्तर लिहीत. त्यातला एक पेपर सगळ्यांना मराठीतून सक्तीचा होता. आणि कॉपी पकडायला कारखानिसांचा साम्यशोधक होता. त्याचं शास्त्र तसं सोपं. दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यात काही विशेष नाही, बरोबर उत्तर एकच असतं. पण चुकीची उत्तरं हजार तऱ्हांची असतात. तीच चूक दोघांनी करण्याची शक्यता हजारात एक धरा. अशा दोन चुका जुळल्या तर हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. तीन जुळल्या तर शंभर कोटींत एक. एवढा योगायोग घडत नसतो, तेव्हा कॉपी झाली. यंत्र नावं थेट जाहीर करी, तीन वर्षं परीक्षाबंदी.

या गुणाकारात एक मेख होती. शक्यतांचा असा गुणाकार घटना स्वतंत्र असल्या तरच करता येतो, एकीचा दुसरीशी संबंध नसेल तरच. नाणी स्वतंत्र असतात. एका वर्गात एका बाईच्या हाताखाली बसलेली पोरं नसतात.

वैजयंताच्या वर्गातली अकरा मुलं त्या वर्षी पकडली गेली. यंत्रानं ऐकवलं होतं, 'एका पेटीत एकोणऐंशी गोट्या आहेत.' अकराही जणांनी लिहिलं, ८९. एकोणसाठचे केले ६९, एकोणचाळीसचे ४९. कानावर 'ऐंशी' पडलं की पोरांचा हात आठ लिहून मोकळा. ऐंशीला एक उणं म्हणजे एकोणऐंशी, हे त्यांना घरीदारी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शाळेत? पुढची इंग्रजी पुस्तकं सोपी जावीत म्हणून वैजयंता स्वतःच वर्गात 'सेव्हन्टी-नाइन' म्हणायची. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं. इतर केंद्रांवर हीच चूक एकेकट्या मुलांनी केली होती, पण तेव्हा यंत्र एकेका केंद्रापुरतंच ताडून बघे, एकटी चूक जुळणार कुणाशी? ती पोरं नुसते गुण गमावून सुटली.

सुनावणीला ती पुण्याला गेली होती. हे सगळं तिनं हात जोडून सांगितलं. कारखानिसांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, संख्या ही संख्या असते. भाषेचा इथे काय संबंध? योगायोगालाही काही मर्यादा असते." अकरा पोरांची तीन वर्षं गेली. उत्तरं पुरवल्याचा ठपका ठेवून वैजयंताला शाळेतून काढलं.

त्या अकरांत तिची लेक होती, शांभवी. लातूर भागातली पोर, आजीच्या तोंडून किल्लारीचा भूकंप ऐकत वाढलेली. तिला भूकंपशास्त्र शिकायचं होतं. बंदी उठेपर्यंत तिची गणिताची वही कपाटाच्या तळाशी गेली होती. आता ती रक्त तपासणाऱ्यांकडे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि घरी आली की आईशी भाजीपाल्यापुरतं बोलायची.

तर आता त्याच माणसाची लेक वैजयंताच्या पुढ्यात हात पसरून बसली होती, आणि कुणापुढे बसलोय हे तिला ठाऊकही नव्हतं.

वैजयंतानं लिहिलं, 'बरोबर आहे तुझं. सहाव्यांदा काटाच पडायची शक्यता जास्त.' आणि बोट पाठवायच्या खुणेवर ठेवलं. पोरगी परीक्षेत हेच लिहील, तोंडावर आपटेल, बापाचं नाक कापलं जाईल. पण तिनं ते खोडलं. दया आली म्हणून नव्हे. खोटं शिकवायचं तिच्या हाताला वळणच नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे, एका पोरीचे चार गुण जाऊन कारखानिसांचं काय वाकडं होणार होतं? त्यांना त्यांच्याच यंत्राच्या दाढेत द्यायचं, तर खोट्याची गरजच नव्हती. खरंच पुरणार होतं. काट्यानं काटा काढायचा होता.

तिनं नवं उत्तर लिहिलं. 'नाणं डूख धरत नाही. मागच्या पाच फेकी त्याच्या लेखी झाल्याच नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी निम्मी शक्यता. डूख धरतो तो साप आणि माणूस.'

पलीकडून लगेच आलं, 'कळलं!!! थँक्यू. हे मी कधीच विसरणार नाही.'

"विसरू नकोसच," वैजयंता पुटपुटली.

त्यानंतरचे तीन महिने नाण्याची, फाशांची, पत्त्यांची जी जी तिबार शंका आली, तिला तिनं हेच वाक्य दिलं. काना-मात्रा न बदलता. परीक्षेत या विषयावर कारणासकट उत्तर मागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हेही ठाऊक होतं की, दोन वर्षांपासून साम्यशोधक अख्ख्या राज्यातल्या उत्तरपत्रिका ताडून पाहतो आणि चुकांखेरीज चमत्कारिक शब्दही जुळवतो. 'स्वतंत्र घटना' असं लाखभर पोरं लिहितील. 'डूख' कोण लिहितं?

एकदा शांभवीनं मागून येऊन पडदा वाचला. जुनी उत्तरं वर सरकवून वाचली आणि तिला सगळं समजलं. डोक्याची पोर होती.

"कारखानिसाच्या पोरीसाठी हे करायलीस?"

"हो."

"त्या लेकरानं तुझं काय वाईट केलंय गं?"

"तू तरी कुणाचं काय केलं होतंस?"

"म्हणून सुक्याबरोबर ओलंबी जाळणार? ती एकटीच अडकणार नाही. ज्याला ज्याला शिकवलीस ते सगळे अडकणार. तीन-तीन वर्षं जाणार त्यांची. सोडवायला न्हाई जमलं तर? माझ्या वेळी जमलं का तुला?"

लेकीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. पण थांबणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं, उत्तरं केव्हाच पोरांच्या डोक्यात जाऊन बसली होती. आणि खरं सांगायचं तर थांबायची तिला इच्छाही नव्हती.

मे महिन्यात परीक्षा झाली, जूनमध्ये यादी लागली. एक्केचाळीस मुलं, अठरा जिल्ह्यांतली. गडचिरोलीचं एक, मालवणचं एक, आणि पुण्याची सावनी तन्मय कारखानीस. यंत्रानं सांगितलेली योगायोगाची शक्यता इतकी बारीक होती की, तिच्यातली शून्यं कागदाच्या दोन ओळींत मावली नाहीत. यादीला माणसाचा हात लागू नये हा नियम कारखानिसांनीच आग्रहानं करून घेतलेला होता. तेव्हा हातही लावता येईना.

वैजयंता त्या दिवशी पोटभर जेवली. बऱ्याच वर्षांनी.

एक्केचाळिसांच्याही शंका एकाच माणसानं सोडवल्या होत्या, हे शोधून काढायला कारखानिसांना चार दिवस लागले. मुलांचे पालक अर्ज घेऊन उभे होते, म्हणून 'निरसन'नंही नाव देऊन टाकलं. कारखानिसांचा फोन आला, तेव्हा वैजयंतानं मवाळ आवाजात पत्ता सांगितला. "शिवाजी सोसायटी. घर नंबर एकोणसाठ."

दहाला येणारा माणूस पावणेअकराला घामाघूम होऊन दारात उभा राहिला. केस पांढरे झाले होते. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"सॉरी, उशीर झाला. मी सिक्स्टी-नाइनला बेल वाजवत बसलो होतो. तिथे कुलूप होतं."

चहात साखर ढवळणारा वैजयंताचा हात थबकला. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग पुन्हा ढवळू लागली. "असू द्या. चुकतं माणसाचं कधी कधी."

कारखानीस बोलत राहिले. सावनी जेवत नाही. खोलीबाहेर येत नाही. मी कॉपी केली नाही, मला 'निरसन'वर शिकवलं, एवढंच म्हणते. "तुम्ही सुनावणीत येऊन सांगा की, हे वाक्य तुमचं आहे. एका शिक्षकाकडून आलेली उत्तरं स्वतंत्र नसतात. मग माझा गुणाकारच लागू होत नाही. हे अगदी प्राथमिक आहे."

"प्राथमिकच आहे," वैजयंता म्हणाली.

"आपण पूर्वी कधी भेटलोय का?"

"योगायोग असेल."

तिनं यायचं कबूल केलं. अट एकच घातली की, सुनावणी सगळ्या पालकांसमोर व्हावी आणि तिला त्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत.

"तीन काय, तीस विचारा," कारखानीस म्हणाले. लेकीसाठी त्या दिवशी ते काहीही कबूल करायला तयार होते.

ते गेल्यावर वैजयंता शांभवीच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "मंडळानं पुरावा म्हणून तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत धाडली होती. आहे का?"

शांभवीनं कपाटाचा तळ उपसला. "आहे," ती म्हणाली. "आणि मीबी येणार."

पुण्यातल्या त्या दालनात दीडशे माणसं होती. अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीश सुमित्रा परांडेकर. पहिल्या रांगेत पंधरा-सोळा पालकांमध्ये एक किडकिडीत मुलगी मान खाली घालून बसली होती. ती सावनी असणार. वैजयंतानं तिच्याकडे पाहिलं. आज आपलं चुकलं तर ही पोर आणि आणखी चाळीस जण शांभवीच्या वाटेनं जाणार, हे वैजयंताला इतकं स्पष्ट आजवर दिसलं नव्हतं. उदगीरहून निघताना हिशेब सोपा वाटला होता. एकदा घर चुकलेला माणूस पुन्हा चुकेलच याची खात्री कोण देणार? नाणं डूख धरत नाही.

कारखानिसांनी आपली बाजू झकास मांडली. एक्केचाळीस मुलं, एक शिक्षिका, सामाईक कारण, त्यामुळे गुणाकार अवैध. फळ्यावर आकृती काढली. न्यायाधीशबाईंनी मान डोलावली आणि वैजयंताला बोलावलं.

"हे वाक्य माझंच आहे," ती म्हणाली. "मुलांनी कॉपी केलेली नाही. आता डॉक्टरांना विचारते. एकाच बाईनं शिकवलं, तर उत्तरं जुळतात. खरं ना?"

"अर्थात."

"आणि एकाच बाईनं एखादी गोष्ट शिकवायचीच टाळली, तर चुका जुळतील?"

कारखानिसांनी भुवया उंचावल्या. "तत्त्वतः हो. पण त्याचा इथे..."

"संबंध सांगते. हा कागद घ्या. परीक्षेत ऐकवतात तशी तीन वाक्यं सांगते, त्यातले आकडे फक्त लिहा. पोरांना बारा सेकंद मिळतात, तुम्हीही तेवढेच घ्या." ती थांबली नाही. "एका पेटीत एकोणऐंशी गोट्या आहेत. पाण्याचं तापमान एकोणसाठ अंश आहे. लंबकानं मिनिटात एकोणचाळीस हेलकावे घेतले."

पेन कागदावर तीनदा चाललं. न्यायाधीशबाईंनी कागद हातात घेतला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"८९. ६९. ४९," त्या म्हणाल्या.

मागच्या रांगेतून कुणीतरी फसकन हसलं आणि मग हसू सगळ्या दालनात पसरत गेलं. कारखानिसांना कळेना, लोक का हसताहेत. सावनीनं मान वर केली होती. सक्तीच्या मराठी पेपरसाठी तिनं मराठी आकडेही घोकून काढले होते बहुधा. ती बारीक आवाजात म्हणाली, "बाबा, ऐंशीला एक कमी."

तेव्हा शांभवी उठली. पाच वर्षांपूर्वीची घडी पडलेली उत्तरपत्रिका तिनं न्यायाधीशबाईंच्या टेबलावर, त्या कागदाशेजारी ठेवली. त्याच तीन चुका, त्याच क्रमानं.

"मी शांभवी बिराजदार. उदगीर केंद्र, दोन हजार चौतीस. या दोन कागदांवर तीन चुका जुळतात. शक्यता शंभर कोटींत एक." तिनं दोन्ही कागदांवर बोट ठेवलं. "कॉपी कुणी कुणाची केली, सर?"

आता कारखानिसांनी वैजयंताकडे पाहिलं आणि त्यांना ती बाई आठवली. हात जोडून उभी असलेली. त्यांचा चेहरा उतरला. हा क्षण वैजयंतानं पाच वर्षं मनात रोज उगाळला होता. प्रत्यक्षात आला की थोडी दया येईल, असं तिला वाटलं होतं. आली नाही. गोड वाटलं, फार गोड.

"हे पाहा," कारखानीस म्हणाले, "सामाईक भाषिक कारण असेल, तर घटनांच्या स्वातंत्र्याचं गृहीतक..."

"कॉपी कुणी कुणाची केली, सर?" शांभवीनं पुन्हा विचारलं.

"त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीनुसार यंत्राचा निष्कर्ष..."

वैजयंता मध्ये पडणार होती, पण लेकीनं तिच्याकडे न बघताच हात आडवा केला.

"सर, माझी आई तिबार शंका सोडवते. दोनदा यंत्र उत्तर देतं. तिसऱ्यांदा विचारलं की माणसानं द्यायचं असतं." शांभवीनं श्वास घेतला. "तिसऱ्यांदा विचारायलेय. कॉपी कुणी कुणाची केली?"

पहिल्या रांगेतून सावनी बापाकडे टक लावून बघत होती.

"कुणीच नाही," तन्मय कारखानीस म्हणाले. "तेव्हाही नाही. मी चुकलो."

न्यायाधीशबाईंनी लेखनिकाकडे वळून सांगितलं, "लिहून घ्या. आणि चौतीस सालची अकरा जणांची फाइल काढा."

शांभवीनं आपली उत्तरपत्रिका उचलून पुन्हा घडी केली. मग आईच्या पर्समधलं पेन मागून घेतलं, आणि तिथेच उभ्या उभ्या ८९ खोडून त्याच्यावर ७९ लिहिलं.